तीस फुटांच्या आत

शेतीची वीज, म्हणजे लाईन, रात्री बाराला येणार होती. हरभऱ्याला पाणी द्यायला आलेली पोरं मोटारीच्या खोपीत शेकोटीभोवती बसली होती आणि फुलसिंग काका आपल्या पिकअपच्या फेऱ्यांचे किस्से सांगत होते. कोणीतरी मध्येच म्हणालं, "काका, एखादी भुताची सांगा ना."

काकांनी शेकोटीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाले, "भूत मी पाह्यलं नाही. खोटं कायले सांगू? पण अनसिंगचा एक पोरगा हाय. चांगला जिता हाय, जाऊन विचारा. त्याच्यावर गुदरली ते सांगतो. फक्त मधात कोणी हसायचं नाही."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

अनसिंगच्या बसस्टँडमागं दोन भावांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. थोरला विश्वदीप, धाकटा संघदीप. थोरला हाताचा संथ. सेट उघडला की आधी दहा मिनिटं नुसता बघत बसायचा, जणू समोर माणूसच बसलाय आणि त्याचं बोलणं संपू द्यायचं आहे. धाकट्याचं उलट. नववीत शाळा सोडलेली, डोकं तापट, आधी हात चालणार आणि मग विचार. लग्नाकार्यात डीजेवर जायचा, बॉक्स उचलायचा, वायरी जोडायचा, छातीत दणके बसेपर्यंत वाजवायचा.

मागच्या उन्हाळ्यात जऊळक्याच्या भागिरथाबाईंचा रेडिओ दुकानात आला. हातात धरायचा नव्हे, उभा रेडिओ. कमरेएवढं शिसवी कपाटच म्हणा ना. खाली स्पीकरवर विणलेलं कापड, वर काचेची लांब पट्टी आणि तिच्यावर दूरदूरच्या शहरांची नावं. बाईंचा नवरा देवमन रेल्वेच्या गँगमध्ये, रूळ दुरुस्तीवर होता, त्यानं हौसेनं घेतलेला. देवमन जाऊन वीस वर्षं झाली आणि तेव्हापासून रेडिओही मुका. बाई घरात एकट्या. नात पौर्णिमा नागपूरला नर्सिंग शिकते आणि फार सुरेख गाते. गाणं रेकॉर्ड करून आजीला मोबाईलवर पाठवते. पण आजीचे कान गेलेले, मोबाईलचा बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचायचाच नाही.

"माझ्या पौर्णिमाचं गाणं या पेटीतून काढून दे बा," एवढंच बाईंचं म्हणणं.

विश्वदीपनं काम घेतलं आणि जीव लावून केलं. उंदरांनी कुरतडलेला स्पीकरचा कागद त्यानं पातळ कागदाच्या चिंध्या डिंकानं चिकटवून सांधला. सडलेल्या वायरी काढल्या. जुने काचेचे व्हॉल्व्ह मात्र ठेवले, त्यांच्या तांबूस उजेडानं काचेवरची गावं उजळावीत म्हणून. त्यांच्यामागं तळहाताएवढा ब्लूटूथचा बोर्ड बसवला. नवा आवाज, पण जुन्याच बटणानं कमीजास्त होणारा.

संघदीपला ते बघवेना. "फेक ना दादा ते काचेचे गोळे! माझ्याजवळचा अ‍ॅम्प्लिफायर टाकतो, अर्ध्या घंट्यात काम खतम."

"तुले नुसतं वाजवायचं हाय," विश्वदीप मान वर न करता म्हणाला. "बाईले ऐकायचं हाय."

शब्दानं शब्द वाढला. संघदीप रागानं निघाला तो गणपतीच्या डीजेवर पुसदकडं. तिथं दोन दिवस दादाचे फोन येत राहिले. पहिले दणक्यात ऐकू आले नाहीत. नंतरचे दिसले, पण ह्यानं उचलले नाहीत. पाहू दे वाट, म्हणाला.

विश्वदीपला ताप होता. पाच दिवसांत खेळ आटोपला. चार सप्टेंबरला संघदीप घरी पोचला तेव्हा दारात माणसं बसलेली होती.

पुढचं ऐका. विश्वदीपचा मोबाईल घरी होता. त्याचं कुलूप कसं उघडायचं ते कोणाला ठाऊक नाही. तो वाजत राहायचा. गिऱ्हाइकं विचारायची, "विश्वदीपभाऊ हाय का?" दिवसातून दहा वेळा तेच. आठव्या दिवशी संघदीपच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, त्यानं वाजता मोबाईल घेतला आणि दुकानामागच्या विहिरीत भिरकावला. डुबूक. संपलं. त्याच संध्याकाळी आई म्हणाली, "बाबू, त्याच्या मोबाईलात त्याचा आवाज असंल नं रे? कोणी खोलून देईल का?" संघदीपनं सांगितलं, हरवला. तेव्हापासून तो आईसमोर बसून जेवत नव्हता.

आता या बोर्डाचं एक तुम्हाला सांगून ठेवतो, तुम्ही पोरं जाणताच म्हणा. ज्या मोबाईलशी तो शेवटचा जुळला, त्यालाच तो पुढच्या वेळी आपणहून शोधतो. शोधत असला की त्याचा निळा दिवा लुकलुकतो. सापडला की दिवा ठरतो आणि आतली बाई बोलते, "कनेक्टेड." नवा मोबाईल आपणहून जुळत नाही, ओळखीचाच लागतो. आणि हद्द तीस फुटांची. त्यापलीकडं मोबाईल गेला की बाई म्हणते, "डिस्कनेक्टेड." जुनी ओळख पुसायची तर मागचं बारीक बटण दहा सेकंद दाबून धरायचं.

विश्वदीपनं तो बोर्ड आपल्या मोबाईलवर तपासला होता. त्याचीच ओळख त्यात राहिलेली. संघदीपनं रेडिओ कितीदा चालू केला, वायर लावून गाणी वाजवून पाहिली. पण त्या बारीक बटणावर त्याचं बोट गेलं नाही. तीन महिने निळा दिवा लुकलुकत राहिला. शोधत राहिला.

शेवटी डिसेंबरची सतरा तारीख उजाडली. २०२५ साल, बुधवार, अमावस्या दोन दिवसांवर. फुलसिंग काका संत्र्यांचे कॅरेट घेऊन अकोल्याला निघाले होते. जाता जाता वाट वाकडी करून त्यांनी रेडिओ आणि संघदीपला जऊळक्याला सोडलं. दोघांनी मिळून पेटी उतरवली. "सकाळी येतो तुले घ्यायले," म्हणून काका गेले. आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

घर गावाच्या टोकाला, रेल्वेच्या रुळांकडच्या बाजूला. पुढं उघडं अंगण, त्यात हराळी माजलेली. अंगणापुढं तारेचं कुंपण, कुंपणापुढं रूळ. शेजारचं घर हाक मारून ऐकू येणार नाही इतकं लांब.

"जयभीम मावशी!"

"जयभीम. जोरानं बोल, मले ऐकू येत नाही. तू कोण? तो उंच पोरगा कुठी हाय?"

"मी त्याचा लहान भाऊ."

"भाऊ?" बाईंनी त्याला खालून वर पाहिलं. "त्याले मायनं ताडाले बांधून वाढवलं आन् तुले खुराड्यात कोंडलं का रे?"

संघदीप हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"तो काहून नाही आला? मले म्हणे, मावशी, मी सोता येईन, तुमच्या घरी बसून गाणं ऐकीन."

संघदीपच्या तोंडात शब्द आला आणि तिथंच अडकला. बहिऱ्या माणसाला हळू सांगता येत नाही. ओरडून सांगावं लागतं. ते ओरडायचं कसं?

"कामात हाय!" तो ओरडला.

"बरं बरं. काम असलेलं बरं."

बाईंनी भाकर, वांग्याचं भरीत आणि ठेचा वाढला. जेवता जेवता पौर्णिमाची सगळी हकीकत सांगितली. तिचं नवं गाणं दुपारीच आलं होतं. मोबाईलच्या पडद्यावर नातीचा चेहरा होता, बाई त्याच्यावरून अंगठा फिरवत होत्या. "तोंड हालते, मले दिसते. आवाज नाही येत."

सव्वादहाला संघदीपनं रेडिओ भिंतीशी लावला आणि बटण फिरवलं.

आधी काही झालं नाही. मग व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. काचेवरची गावं उजळली. बाईंनी नुसता हात तोंडावर धरला.

मागच्या फटीतून निळा दिवा दिसत होता. लुकलुकला. एकदा. दोनदा.

ठरला.

"कनेक्टेड."

"अगं माय, ही कोण बया बोलली?" बाई हसायला लागल्या. "देवमनच्या रेडिओत बाई कवापासून शिरली?"

संघदीप हसला नाही. त्याचा मोबाईल खिशात होता आणि त्याचं ब्लूटूथ बंद होतं. बाईंचा मोबाईल बाईंच्या हातात. तो या रेडिओला आजवर कधी जोडलाच नव्हता.

त्यानं बाईंचा मोबाईल घेऊन जोडून पाहिला. जुळेना. बोर्ड दुसऱ्या कोणाशी तरी आधीच जुळलेला होता, त्यात तिसऱ्याला जागा नव्हती.

त्यानं रेडिओ बंद केला. शंभर मोजले. चालू केला.

लुकलुक. लुकलुक.

"कनेक्टेड."

गाणं नाही. बोलणं नाही. स्पीकरमधली नेहमीची खरखरसुद्धा थांबली होती. फोन लावून पलीकडचं माणूस गप्प बसावं आणि ते आहे एवढंच कळावं, तशी ती शांतता होती.

ओळखीचाच मोबाईल लागतो. आणि तो तीस फुटांच्या आत लागतो.

संघदीपनं टॉर्च घेतला आणि दार उघडलं. बाहेर काळोख इतका, की अंगण कुठं संपतं आणि रूळ कुठं लागतात ते कळत नव्हतं. थंडी मी म्हणत होती. तो पायरी उतरला. हराळीतून चालत कुंपणाकडं गेला. बारा पावलं. तिथं पोचतो न पोचतो तोच मागून, घरातून, आवाज आला.

"डिस्कनेक्टेड."

तो थांबला. टॉर्च फिरवला. तार. खडी. रूळ. कोणी नाही.

तो परत फिरला. दारात पाय ठेवला.

"कनेक्टेड."

पुन्हा गेला. या वेळी धावत. डाव्या अंगानं.

"डिस्कनेक्टेड."

परत आला.

"कनेक्टेड."

हा जवळ गेला की तो लांब. हा आत आला की तो जवळ. संघदीपला आता भीती वाटत नव्हती. भीतीपेक्षा वाईट काहीतरी वाटत होतं. पुसदला पडद्यावर नाव दिसत असताना हा तोंड फिरवून उभा राहिला होता… आता तिकडून कोणी तोंड फिरवत होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी एक मालगाडी गेली. लांबच्या लांब. घर थरथरलं, काचेवरची गावं थरथरली. गाडीचा आवाज पूर्ण विरला आणि शांतता आणखी घट्ट झाली.

"काय करून राह्यला रे तू, आत-बाहेर, आत-बाहेर?" बाई खाटेवर उठून बसल्या. "कोणी आलं का?"

संघदीपनं दाराकडं पाहिलं.

"तुझा भाऊ आला का?"

त्याची नजर काळोखावरून हलली नाही.

"अरे, मंग आत घे न त्याले! थंडीत कायले उभा ठेवला?" बाई उठल्या, भिंत धरत दाराशी गेल्या आणि त्या काळोखात हाक मारली. "ये ना बापा आत! मावशीच्या घरी लाजतो का? ये, भाकर हाय अजून!"

बाहेर काही हललं नाही.

रेडिओत एक बारीक आवाज झाला. टक्. कोणी पडद्यावर बोट ठेवून उचललं, एवढाच.

बाई आत वळल्या आणि खरंच तिसरं ताट मांडायला लागल्या. भाकर ठेवली. भरीत वाढलं. तांब्या भरून ठेवला. ते ताट पाहिलं आणि संघदीपच्या आतलं काहीतरी सुटलं.

"मावशी… तो नाही येणार."

"काय म्हणतो? मोठ्यानं बोल!"

"तो नाही येणार!"

"काहून?"

"तो मेला!"

बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. "काय?"

"दादा मेला, मावशी!" त्यानं दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं. आवाज भिंतींवर आपटला, उघड्या दारातून बाहेर गेला, अंगणावरून, रुळांवरून. तीन महिन्यांत हे वाक्य त्यानं एकदाही उच्चारलं नव्हतं. एकदा निघालं ते मग थांबेना. त्यानं तोंड दाराकडं केलं. "तू फोन करत होता अन् मी उचलला नाही! मले दिसलं होतं नाव! तुझा मोबाईल मीच फेकला विहिरीत, हरवला नाही! आईशी खोटं बोललो! ऐकून राह्यला का दादा? मीच फेकला!"

निळा दिवा ठरलेलाच होता.

भागिरथाबाई जमिनीवर बसल्या. हातातला चमचा ताटात ठेवला. मग विचारलं, "कवा?"

त्यानं बोटांवर दाखवलं. चार. सप्टेंबर.

"आन् मी त्याले कामचुकार म्हणत होती रे मनात," त्या म्हणाल्या. "फोन बंद लागते म्हणून." पदरानं तोंड पुसलं. दाराकडं पाहिलं, पण आता हाक मारली नाही. "मी देवमनले लई दिवस असंच धरून ठेवलं होतं. रोज रेडिओ पुसू, त्याच्याशी बोलू. तो जाईना आन् माझाही दिवस जाईना." त्या थांबल्या. "तुले काय करायचं ते तू कर. मले गाणं उद्या ऐकवलं तरी चालते."

उद्या म्हणजे काय, ते संघदीपला कळत होतं. बटण दाबलं नाही तर हा बोर्ड बाईंच्या मोबाईलशी कधीच जुळणार नाही. दाबलं तर दादानं कबूल केलेलं काम पुरं होईल. पण मग या दुनियेत दादाला ओळखणारी, दिसताक्षणी आपणहून हाक देणारी ही एक वस्तू त्याला विसरेल. दहा सेकंदांत. परत आठवण नाही. ज्याच्याकडून आठवण करून द्यायची, तो मोबाईल पन्नास फूट पाण्याखाली.

तो रेडिओमागं गुडघ्यांवर बसला. बारीक बटण सापडलं.

"दादा, दाबतो," तो म्हणाला. या वेळी ओरडला नाही.

दाबलं.

एक.

दोन.

तीन…

चार… आता हात काढावा…

पाच.

सहा… बाहेर, अंगणात, हराळी दबावी तसं काही…

सात.

आठ… जवळ. मघापेक्षा जवळ.

नऊ…

त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

दहा.

निळा दिवा विझला. मग जोरजोरात लुकलुकू लागला, नवं काही शोधणाऱ्यासारखा. बोर्डातली बाई काही बोलली नाही. डिस्कनेक्टेडसुद्धा नाही.

संघदीपनं बाईंचा मोबाईल जोडला. पहिल्याच झटक्यात जुळला. पौर्णिमाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

आणि ती पेटी गायला लागली. पोरीचा आवाज, बाजूला साधी हार्मोनियम आणि टाळ्या, पण त्या जुन्या लाकडातून तो असा भरून आला की खोलीत जागा उरली नाही. विश्वदीपनं डिंकानं सांधलेला तो कागद एकदाही फरफरला नाही. भागिरथाबाईंनी डोळे मिटले. ओठ नातीबरोबर हलत होते.

"अजून एकवार लाव," त्या म्हणाल्या. मग अजून एकवार. संघदीपनं ते गाणं एकामागून एक आपोआप वाजत राहील असं करून ठेवलं. थंडी असूनही दार उघडंच ठेवलं. बाईंना केव्हातरी बसल्या जागी झोप लागली. संघदीप वाकळ पांघरून पायरीवर बसला, पण पायरीखाली उतरला नाही. पहाटेपर्यंत गाणं अंगणात जात राहिलं.

सकाळी साडेसहाला काकांची पिकअप आली.

उजाडत होतं. पहाटे दव पडलं होतं, भरपूर. अंगणातली हराळी पांढरी झाली होती, कुंपणाच्या तारेला थेंब लोंबत होते. घरातून गाणं चालूच होतं. काकांनी रस्त्यावरूनच हाक मारली, "काय रे संघदीप, झालं का काम?"

संघदीपनं हात वर करून त्यांना तिथंच थांबवलं आणि मग बोटानं दाखवलं.

पायरीपासून चार पावलांवर, दाराकडं तोंड करून कोणी मांडी घालून बसावं, एवढी हराळी हिरवीगार कोरडी होती. तिच्याभोवतीचं दव अख्खं होतं. त्यात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. येण्याचं नाही, जाण्याचं नाही.

काका कडेकडेनं गेले, वाकले आणि त्या जागेवर तळहात टेकवला.

जागा कोमट होती.